गॉस्पोर्टच्या आरमाराचा पंच

विल्फ्रेड पास्कोनं आयुष्यभर गॉस्पोर्टच्या लोकांना गाडी चालवायला शिकवली. गॉस्पोर्टचे लोक अजून ज्या पद्धतीनं गाडी हाकतात ते बघता, त्यानं त्याबद्दल फार बोलू नये हेच बरं. बोलायचा तो आरमाराबद्दल. स्वतः बोटीत बसला असेल तर वाइट बेटाच्या फेरीबोटीत, तीही पोट धरून. पण दर शनिवारी दुपारी मेथडिस्ट चर्चच्या मागच्या हॉलमध्ये टेबलांवर निळं कापड पसरलं, बोटभर लांबीच्या युद्धनौका मांडल्या, की तो पंच. अख्ख्या अटलांटिकचा मालक! घरात त्याला पडद्यांचा रंगसुद्धा कोणी विचारत नसे, तेव्हा माणसानं कुठंतरी मालक व्हायलाच हवं.

खेळाचे नियम त्यानंच लिहिले होते आणि त्यातला दुव्याचा नियम म्हणजे त्याचं लाडकं शेंडेफळ. एका जहाजाच्या रडारला शत्रू दिसला म्हणून बाकीच्यांना तो आपोआप दिसत नाही. ज्याला दिसला त्यानं पंचासमोर मोठ्यानं जाहीर करायचं. मग रेडिओच्या दुव्यानं जोडलेल्या आपल्या सगळ्या जहाजांना तो दिसला असं धरायचं. ज्याचं रडार बंद आहे तोही मग दुसऱ्याच्या डोळ्यांनी नेम धरू शकतो. मात्र जो बोलला तो उघडा पडला, त्याचा ठावठिकाणा शत्रूला कळला. आणि सांगितलं नाही, तर दिसलंच नाही. विषय संपला.

क्लाइव्ह हा निवृत्त दंतवैद्य एकदा नाकासमोरची पाणबुडी जाहीर करायला विसरला होता.

"अरे विल्फ, मला ढळढळीत दिसत होती ती!"

"तू सांगितलंस का? नाही ना? मग नव्हती."

क्लाइव्हनं पुढं महिनाभर क्लबात केक आणला नाही. नियम तसूभर हलला नाही.

आता पंचाईत अशी, की गेली दोन वर्षं खुद्द पंचालाच दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांच्या मध्यभागी एक करडा डाग येऊन बसला होता आणि तो वाढत जाणार, असं डॉक्टरनं सांगून टाकलं होतं. विल्फ्रेडनं गाडी सोडली ("पेट्रोल काय महागलंय!"), पेपर सोडला ("सगळे मेले खोटारडे"), पण शनिवारची खुर्ची सोडायची त्याच्या जिवावर आली होती. ती गेली तर मागं उरत होता टीव्ही, तोही न दिसणारा. म्हणून त्यानं कोणालाच काही सांगितलं नाही. बायकोला, एडनालाही नाही. रोज सकाळी त्याच्या टोस्टला न सांगता लोणी लावून मिळत होतं, ते बहुधा आभाळातून पडत असावं.

आणि मग वेमथच्या क्लबाबरोबरचा चषकाचा सामना आला. गॉस्पोर्टचा कप्तान हेडली यानं वेमथच्या कप्तानाच्या फ्रिगेटवर क्षेपणास्त्र सोडलं. अंतर अठरा इंचांच्या आत असलं तर लागणार. विल्फ्रेडनं टेप ओढला, चाचपत निळ्या कापडावरून नेला आणि डोळे बारीक केले.

"सोळा. लागलं. फ्रिगेट बुडाली."

वेमथची कप्तान होती मिसेस हार्डकासल, मासळीचं दुकान चालवणारी. तिनं टेबलावर दोन्ही हात टेकले.

"पंचसाहेब, माझी फ्रिगेट तिकडं आहे. तुम्ही माझं बिस्किट मोजलंत."

टेपचं टोक खरंच एका अर्ध्या खाल्लेल्या बिस्किटाला टेकलं होतं. आमच्या गावचा माणूस अशा वेळी खरं सोडून वाट्टेल ते बोलू शकतो.

"ते... फसवं लक्ष्य आहे," हेडली म्हणाला. "नियमात आहे तसं. शत्रूच्या रडारला चकवायला."

"बिस्किट?"

"आल्याचं आहे ना. आल्याचं जास्त चकवतं," क्लाइव्हनं री ओढली.

"अहो, कुणाला येड्यात काढताय? या माणसाला दिसत नाही!"

"बाई वेमथच्या आहेत," क्लाइव्ह घाईघाईनं म्हणाला. "आपल्या दुव्यात नाहीत. त्यांनी सांगितलेलं आपण धरायचं नसतं. चल विल्फ, पुढची चाल."

विल्फ्रेडचे कान शाबूत होते. बाईंनी एवढा बॉम्ब टाकला, तरी कोणाच्या तोंडून साधं 'अरे देवा'सुद्धा निघालं नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक होतं," तो म्हणाला.

सगळे आपापल्या कपात बघायला लागले. तेव्हा विल्फ्रेड खुर्ची धरून उभा राहिला. आवाज पंचाचाच होता.

"पंच जाहीर करतो. मला दिसत नाही. घ्या, आता सगळ्यांना दिसलं."

मग काय, धरणच फुटलं. क्लाइव्हनं म्हणे टेपचे आकडे जाड शाईनं गिरवले होते. खजिनदार दर शनिवारी पंचाची खुर्ची खिडकीकडे सरकवत होता. प्रत्येकाला वाटत होतं की हे एकट्या आपल्यालाच माहीत आहे.

"तुलाही ठाऊक होतं? मग बोलला का नाहीस?"

"तू कुठं बोललास, शहाण्या?"

आणि ही म्हणे दुव्याच्या नियमावर पोसलेली माणसं!

"मी तर सहज बोलल्यासारखी अंतरंही वाचून दाखवायचो," हेडली भरात आला होता. "गेल्या वर्षी वेमथविरुद्धच्या अंतिम फेरीतसुद्धा..." आणि त्यानं जीभ चावली.

"अंतिम फेरीत काय?"

"एकोणीस इंच होते रे, विल्फ. मी सतरा म्हणालो."

विल्फ्रेड पुन्हा खुर्चीत बसला. दोन वर्षं त्याला वाटत होतं की आपण यांना फसवतोय. सगळा वेळ फसत होता तो स्वतः, आणि वर त्याला माया असं नाव होतं. तो संतापला. त्याहून जास्त त्याला लाज वाटली.

"तू खुर्ची सोडू नकोस हं," हेडली खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "मी वाचतो, तू निकाल दे."

"टेपला हात लावलास तर याद राख! कपाटातून चषक काढ, पूस आणि वेमथवाल्यांच्या समोर नेऊन ठेव." मग तो आवाजाच्या अंदाजानं वळला. "मिसेस हार्डकासल, अंतर तुम्ही वाचा."

"मी? अहो, फ्रिगेट माझी आहे!"

"असू दे. तुम्हाला माझी कीव येत नाही. आज मला तेवढंच हवंय."

तिनं बिस्किट तोंडात टाकलं, हात झटकले आणि चष्मा लावला. हेडलीच्या जहाजापासून आपल्या फ्रिगेटपर्यंत टेप नीट ताणला. वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं. तिच्या मागं वेमथचे गडी चुळबुळ करत होते.

"साडेसतरा," ती म्हणाली.

"नक्की?"

"साडेसतरा म्हणजे साडेसतरा. तराजू वापरते मी रोज."

"मग लागलं," विल्फ्रेड म्हणाला. "तुमची फ्रिगेट बुडाली."

तिनं ती चिमुकली नौका उचलली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"बुडाली तर बुडाली. पुढची चाल कोणाची ते सांगा, पंच."