काजूचं तेल आणि बोटांचे ठसे

मी पुण्याची. काजू म्हणजे पाकिटातून वाटीत पडतो तो, एवढीच माझी त्याच्याशी ओळख. मागच्या वर्षी मेअखेरीला नवऱ्याच्या रिफायनरीतले एक सहकारी कोकणातून परतले आणि कुवेतमधल्या आमच्या फहाहीलच्या फ्लॅटवर टरफलासकट काजूबियांची पिशवी देऊन गेले. "भाजून फोडा, आधी हाताला खोबरेल लावा," असं ते दारातून सांगत होते. मी म्हटलं, हो हो, माहितीये. माहीत काडीचं नव्हतं.

गुरुवारी दुपारी अडकित्ता घेऊन बसले आणि न भाजता, कोरड्या हातांनी तीसेक बिया फोडल्या. टरफलातून काळपट चिकट तेल येत होतं, ते मी मधूनमधून फडक्याला पुसत होते. थोड्या वेळाने बोटं चुरचुरायला लागली, मग नुसती आग आग. गार पाण्याचा नळ सोडला तर त्यातून कढत पाणी. अकरा वर्षं इथे राहून, गच्चीवरच्या टाक्या उन्हात तापतात हे मला त्या क्षणी आठवलं नाही.

आठवलं ते भलतंच. रविवारी मला बोटांचे ठसे द्यायला जायचं होतं. ठसे दिल्याशिवाय माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नवा होणार नव्हता. तो झाला की मी नाशिकला निघणार होते, लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला. दिवस भरत आले होते तिचे. आणि मी काजूच्या उसळीच्या हौसेपायी दहाही बोटं भाजून घेतली होती. स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली, पण त्या हाताने तीही सोय नव्हती.

शेजारच्या दाराची बेल कोपराने दाबली. तिथे आपा राहतात, रत्नागिरीकडच्या. त्यांच्या मिस्टरांचं बाजारात शिलाईचं दुकान आहे.

"आपा, आंबेहळद आहे का हो?"

त्यांनी माझी बोटं पाहिली. "काजू फोडलेस? आंबेहळद नको नि काय नको. आधी धू. डोळ्याला हात लावलास?"

"नाही."

"लावू पण नको. डोळ्यात गेलं असतं तर आत्ताच हॉस्पिटलात नेली असती तुला."

मला त्यांनी दंडाला धरून मोरीत नेलं आणि गरम पाण्याचा नळ सोडला. उन्हाळ्यात इथे गिझर बंदच असतो, त्यामुळे पाणी त्यात निवून बसतं. अंगठी काढून घेतली. भांड्यांचा साबण लावून बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, मनगटं, सगळं त्या धूत होत्या. घासत मात्र नव्हत्या. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदाही साबण लावला. मग माझ्या घरी येऊन ते फडकं कचऱ्यात टाकलं, अडकित्ता धुतला, मला कपडे बदलायला लावले.

"अहो, तुमच्या हाताला लागेल ना," मी म्हटलं.

"माझ्या हाताला आता काय लागायचंय?"

तेव्हा मी त्यांचे हात नीट बघितले. बोटांची टोकं गुळगुळीत होती, धुतलेल्या बशीसारखी. एक रेघ नाही. लहानपणी शाळा सोडून त्या आईबरोबर काजूच्या कारखान्यात बसायच्या. हात राखेत बुडवायचा आणि बी फोडायची, पुन्हा राख, पुन्हा बी. लग्न होईपर्यंत तेच केलं. कातडं सोलवटायचं, नवं यायचं, तेही सोलवटायचं. हे सगळं त्या भाजीचा भाव सांगावा तशा सांगत होत्या, आणि मी तोंडात बोट घालायच्या लायकीचीही राहिले नव्हते. तीस बियांत मी रडकुंडीला आले होते. या बाईने किती लाख फोडल्या असतील, आणि त्यातल्या कितीतरी आम्ही दिवाळीला कतली करून खाल्ल्या असतील. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी सरळ पडले. "वेडी का काय," म्हणून त्यांनी मला उठवलं.

"पण मग तुमचे ठसे?"

"उठलेच नाहीत. मशीनवर डोळ्यांचा फोटो घेतला नि सोडलं."

पुढचे दोन दिवस त्या सकाळ-संध्याकाळ येऊन गार पाण्याची घडी बोटांवर ठेवून जायच्या. फार्मसीतलं गुलाबी कॅलामाइन लावायला त्यांची हरकत नव्हती. हळद, चुना, टूथपेस्ट यांना सक्त मनाई. उजव्या अंगठ्याला आणि तर्जनीला फोड आले, ते मी फोडू नयेत म्हणून दर वेळी तपासून जायच्या. बाकीची आठ बोटं नुसती लालसर राहिली. लगेच धुतलं म्हणून वाचलीस, म्हणाल्या.

रविवारी ठशांच्या ठिकाणी त्याच माझ्याबरोबर आल्या, कारण मला अरबी म्हणजे शुक्रनच्या पुढे येत नाही. काउंटरवरच्या बाईला त्यांनी फोडांचं सांगितलं. तिने ती दोन बोटं वगळून नोंद करून घेतली आणि बाकीची एकेक काचेवर ठेवायला लावली. दर बोटाला हिरवा दिवा लागत गेला. आठही बोटं लागली. झालं म्हणाली ती. नाशिक दिसायला लागलं मला.

पडद्यावर माझ्या शेवटच्या बोटाचा ठसा अजून होता, तळहाताएवढा मोठा. आपा मागून वाकून तो बघत होत्या.

"अगो, इतक्या रेघा असतात?" त्या म्हणाल्या. बाईने पुढचा नंबर पुकारला तरी त्या तिथून हलल्या नाहीत.