शैलजाचं नाक

फोन खालच्या शेजाऱ्यांकडे आला. "शैलजाबेन गुजरी गयां," शैलजा गेल्याचं शेजारणीनं जिन्यातूनच सांगितलं. तिच्या बमरोलीच्या घरी सिलिंडर रात्रभर गळत होता. सकाळी चहाला काडी ओढली आणि... मी ओरडलेच, खोटं आहे! अख्ख्या सुरतेत गॅस आधी कळला असता तो तिच्या नाकाला.

आमच्या कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची, मी वनस्पतिशास्त्र. मोकळ्या तासाला ती ओवा, लवंग, तुळस वाफेवर चढवून थेंबथेंब तेल उतरवायची. जंतू वाढवलेल्या थाळीत त्या तेलात भिजवलेला कागद ठेवला, की दुसऱ्या दिवशी त्याच्याभोवती स्वच्छ गोल दिसे. तिथं जंतू वाढलेलेच नसत. मी नाचायचे. "हुरळली मेंढी!" ती म्हणायची. "थाळीत मेले म्हणून पोटात मरतील असं नाही." तिचा खरा जीव दुसऱ्याच प्रयोगात होता. लवंगेचं तेल घातलं तर शेंगदाणा तेल खवट व्हायचं किती लांबतं, हे ती पाहत होती. मोजमाप रसायनांनी व्हायचं, पण पहिला कौल नाकाचा. नुसतं हुंगून ती जुना ओवा दुकानदाराला परत करायची, तोही निमूट घ्यायचा.

गेलं वर्षभर मात्र ती बाटली माझ्या नाकाशी धरायची. "सांग, ताजं की खवट?"

"माझी परीक्षा घेतेस का गं?"

ती नुसती हसायची...

तेराव्यानंतर मी घरी गेले. तिचे यजमान प्रकाशभाऊ पांडेसऱ्याला कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये आहेत. काळ्या पडलेल्या भिंतीला टेकून ते बसले होते. "ताई, तिले वासच येत नव्हता," ते म्हणाले. "मागच्या साली ताप आला, तवापासून. कोणाले सांगू नका म्हने. लोक हसतील, वास येत नाही अन् तेलं हुंगते."

परीक्षा कसली, ती माझ्या नाकावर काम करत होती! आणि एका शब्दानं बोलली नाही. अजून राग येतो मला तिचा.

"घरात आम्ही दोघंच," ते म्हणाले. "रोज सकाळी मी आधी सैपाकघरात जायचो. वास घेऊन 'ये' म्हनायचो, मंग ती काडी ओढायची. त्या दिवशी मी रातपाळीले होतो."

आता त्या ओट्यावर शेगडी नाही, सिलिंडर नाही. चहा त्यांच्या भावाकडून येतो.

"तरी सकाळी पाय तिकडेच जातात, ताई. वास घेतो... अन् तोंडातून 'ये' निघून जातं."