मशीनमधला राक्षस मेला नाही

दशावतारात मी जन्मभर राक्षस केला. राजा कोणीही होतो. डोक्यावर मुकुट चढवला की अर्धा राजा झालाच. राक्षसाला गळा लागतो, छाती लागते, आणि मुख्य म्हणजे मरता यावं लागतं. माझं मरण बघायला लोक पहाटेपर्यंत जागे राहत. फुशारकी मारत नाही. खारेपाटणापासून शिरोड्यापर्यंत कुठल्याही जत्रेत माझ्या वयाच्या माणसाला विचारा. माझी शाळा चौथीत सुटली, पण देवासमोर छाती उघडी करून राक्षस शेवटचं काय बोलतो, ते मला कोणी लिहून द्यावं लागलं नाही. आमच्यात लिहिलेलं नाटक नसतंच. उभं राहायचं आणि बोलायचं.

आमचा एक नेम. काही झालं तरी राक्षस मेल्याशिवाय खेळ संपवायचा नाही. एकदा देव झालेला गडी तापाने फणफणला होता, त्याला उभं राहवेना. त्याने बाकड्यावर बसून बाण मारला. बाण माझ्यापर्यंत पोचलाही नाही, वाटेतच पडला. तरी मी मेलो. मरावंच लागतं. देवळासमोर राक्षस जिवंत ठेवून घरी जायचं, असं आमच्यात कोणी केलेलं नाही.

कॅसेटचे दिवस होते तेव्हा मुंबईचा एक साहेब मला शोधत कुडाळला आला. तरुण होता, बोलायला गोड. म्हणाला, टीव्हीला जोडून खेळायचं मशीन काढतोय. बाहेरच्या खेळात बाहेरची भुतं असतात, आपल्या पोरांना आपला राक्षस पाहिजे. त्याचा आवाज तुम्ही द्या. लॉजच्या खोलीत खिडक्यांना गोधड्या टांगून त्याने टेप लावला. मी गर्जना दिली, हसणं दिलं, घाव बसल्याचं कण्हणं दिलं. मग मरण आलं तेव्हा मी थांबलो.

"देव कोण? मला मारणार कोण?"

"जो पोरगा खेळेल तोच देव," साहेब म्हणाला.

हे मला फार आवडलं. कुठलातरी पोर घरी टीव्हीसमोर मांडी घालून बसणार आणि मला मारणार. माझ्या अख्ख्या मंडळीत असं कोणाच्या नशिबी आलं नव्हतं. त्या खोलीत मी जो मेलो, तसा देवळासमोरही कधी मेलो नसेन. सगळं बोलणं म्हटलं, देवाला ओळखलं, क्षमा मागितली, आणि पडलो. खरोखर फरशीवर पडलो. खांदा महिनाभर ठणकत होता. साहेबाने बिदागी तिथेच हातात ठेवली, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मशीन काही आलं नाही. दिवाळीत येणार होतं, मग पुढच्या दिवाळीत. मी गावभर सांगून बसलेलो. चहाच्या टपरीवर बसलं की कोणीतरी हमखास विचारी, "काय रे, तुझो राक्षस टीव्हीत कदी येतलो? की वाटेत गाडी चुकली?"

"येतलो," मी म्हणायचो. दुसरं काही म्हणणं माझ्याच्याने झालं नाही. विचारणारे एकेक करून गेले, टपरीही गेली. मी 'येतलो' म्हणत राहिलो.

आणि गेल्या वर्षी फोन आला. पुण्याचा एक चष्मेवाला माणूस. म्हणाला, आजोबा, तुम्हाला शोधायला आम्हाला किती वर्षं लागली! ते मशीन मानणारे आम्ही काही लोक आहोत, देवबागला जमतोय, तुमचा सत्कार करायचाय.

घरातून निघताना बायको म्हणाली, "शाल देतले म्हणून चल्लात?"

"शालीक नाय. मरण ऐकूक चल्लंय माझा."

"मेला ता मरण, तोंडात बरा काय येताच नाय तुमच्या," असं म्हणत तिने माझ्या सदऱ्याचं बटण लावून दिलं.

देवबागला एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधल्या पट्टीवर पाहुण्यांची घरं. त्यातल्या एका घराच्या पडवीत दहाबारा माणसं होती. पोरं नव्हती ती. केस पिकायला लागलेले बाप्ये, दोघी बायका. सगळ्यांच्या बनियनवर चौकोनाचौकोनांनी काढलेलं एक तोंड, मिशा आणि सुळे. मला बघून सगळे उठले, पाया पडले. मग त्यांच्या गप्पा सुरू झाल्या. लहानपणी मासिकात जाहिरात कशी बघितली, ती कापून कशी ठेवली. एकाने टीव्हीखाली मशीनपुरती जागा मोकळी ठेवली होती, आई तिथे फुलदाणी ठेवायला लागली की तो रडायचा. सांगतानाही त्याचे डोळे भरले. जे कधी घरात आलंच नाही त्याच्या आठवणी काढत होते! मला हसू आलं. मग वाटलं, आपण तरी काय वेगळं केलं.

बाजारात येण्याआधी नमुन्यादाखल केलेली दोन-तीनच मशीनं जगात उरलीत म्हणे. त्यातलं एक चष्मेवाल्याने कुठून तरी मिळवून दुरुस्त केलं होतं. त्यासाठी जुना अवजड टीव्हीही गाडीत घालून आणलेला. त्याने बटण दाबलं.

पडद्यावर राक्षस आला. चौकोनाचाच होता, पण चाल माझी. साहेबाने मला तेव्हा चालूनही दाखवायला लावलं होतं. आणि तो हसला. डब्यात तोंड घालून हसावं तसा आवाज, तरी माझाच. माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात सगळी पडवी त्याच्याबरोबर हसली. चष्मेवाल्याने फोनवर पाठवलेलं ते हसणं सगळ्यांना ऐकून ऐकून पाठ होतं. कुठे दम घ्यायचा, तेही पाठ.

चष्मेवाल्याने बाण मारला. राक्षस कण्हला, मागे गेला, हसला, पुन्हा पुढे आला. पुन्हा बाण. पुन्हा हसला. मी वाट बघत होतो.

"मरता कदी?" मी विचारलं.

"मरत नाही, आजोबा! पुढचा खेळ बनलाच नाही, त्याआधीच कंपनी बंद पडली. हा इथेच फिरत राहतो." त्याने बनियन ताणून दाखवलं. खाली लिहिलं होतं, राक्षस अमर आहे. "तेच तर भारी आहे!"

"माझा मरण खंय आसा?"

त्याने बनियन सोडलं. मग म्हणाला, साहेब वारले, टेपा कोणाकडे आहेत माहीत नाही. मशीनमध्ये तीनच आवाज घातले होते.

इतकी वर्षं माझा राक्षस उभा होता आणि ही शिकलेली माणसं त्याला अमर म्हणून अंगावर मिरवत होती. माझं डोकं फिरलं. "राक्षस अमर नसता," मी म्हटलं. "राक्षस मरूक होयो. तुमका ठाऊक नसात तर माका इचारा."

"मग आत्ता करा ना! आम्ही रेकॉर्ड करतो," एक बाई म्हणाली. तेवढी एकच शहाणी.

"पण आधी ते हसणं, प्लीज," चष्मेवाला म्हणाला.

"हसणा नाय. मरण."

मी बाक सरकवला आणि चष्मेवाल्याला समोर उभं केलं. "तू देव. मी छाती उघडी केली की हात उचल आणि मार. काय नसला तरी चलात, हातच होयो." त्याने मान हलवली.

मी सुरू केलं. गळा पूर्वीचा नाही, पण शब्द आपसूक आले. देवाला ओळखलं, क्षमा मागितली. मी सदऱ्याची बटणं सोडली, छाती पुढे केली, म्हटलं, "मार."

त्याच्या दोन्ही हातांत फोन होता. डोळे फोनात. फोनामागून त्याने मान हलवून मला खुणावलं, चालू द्या.

"मार!"

मागून कोणीतरी म्हणालं, "आजोबा, जरा उजेडाकडे तोंड."

देवाने मारल्याशिवाय राक्षसाने पडायचं नसतं. मी उभा राहिलो. छाती तशीच पुढे. मग खोकल्याची मोठी ढास लागली. एकावर एक. आणि त्यांना ते हसणं वाटलं! सगळी पडवी एका सुरात माझ्याबरोबर हसली, मग टाळ्या, शिट्ट्या. चष्मेवाल्याने फोन बाजूला ठेवला तो मला मिठी मारायला. शाल घातली, नारळ दिला. मी पाणी मागितलं आणि बटणं लावली.

शाल मी तिथेच ठेवली. नारळ घेतला, नारळ टाकून यायचा नसतो.

पंधरवड्याने त्याचा फोन आला. खुशीत होता. "आजोबा, तुमचं देवबागचं हसणं मशीनमध्ये बसवलं! आता राक्षस दोन तऱ्हेने हसतो."

"आणि मरण?"

"ते फार लांब आहे हो. मशीनमध्ये मावत नाही."

"मगे मशीन मोठा करा."

तो हसला. मी म्हणालो, हसू नका. माझ्यात दम आहे तोवर पुन्हा या. मी पुन्हा उभा राहीन. "पण येताना एक माणूस असो घेवन येवा, जेच्या हातात फोन नसतलो."

"बघतो, आजोबा," म्हणाला.