रोल नंबर तेवीस आणि पुठ्ठ्याची नाव

हेडसर मला "बसा" म्हणाले, तिथंच मला काहीतरी बिघडलंय असं वाटलं.

आठ महिन्यांत त्यांनी मला एकदाही बसायला सांगितलं नव्हतं. सही उभ्याने, बोलणी उभ्याने. त्या दिवशी त्यांनी खुर्ची स्वतःच्या हातानं पुढे सरकवली. वर आमचे शिपाई नथ्थूभाऊ यांना हाक मारून सांगितलं, "मॅडमसाठी चहा आणा, आलं घालून." आलं म्हटल्यावर तर माझा धीरच सुटला. मनातल्या मनात मी खोली रिकामी करून जळगावच्या गाडीत बसलेसुद्धा!

मैत्रिणी विचारतात, "तुझ्याच बाबतीत बरं एवढे किस्से घडतात?" अगं, घडतात सगळ्यांच्याच बाबतीत. पण धीट माणूस पुढे निघून जातो. मी शाळेची घंटा रोज त्याच वेळेला होऊनही रोज दचकते. दचकलं की माणूस जागच्या जागी थांबतं, आणि थांबलं की सगळं नीट बघायला मिळतं. तसे किस्से साठत जातात.

त्यातही एका नावेनं जेवढे दिले, तेवढे अख्ख्या नोकरीनं दिले नाहीत.

*

तर चहा आला आणि हेडसरांनी पत्र पुढे केलं. धुळ्याच्या एका कॉलेजनं शाळांसाठी स्पर्धा ठेवली होती. पुठ्ठ्याची नाव करायची. फक्त पुठ्ठा, कागद, खळ, दोरा आणि मेण. लाकूड नाही, पत्रा नाही, प्लास्टिक नाही. त्या नावेत शाळेतलं एक मूल बसवायचं आणि तळ्यातल्या खुणेला वळसा घालून त्याच काठाला परत आणायचं.

"सर, पण मी बॉटनीची आहे," मी म्हटलं.

हेडसरांनी शांतपणे चष्मा पुसला. "नाव कशाची असते?"

"लाकडाची."

"लाकूड कशाचं?"

"झाडाचं."

"मग? बॉटनीच झाली की!"

*

आमची शाळा सोनगीरच्या पुढे, हायवेपासून थोडी आत. गावात टीव्ही नुकतेच आले होते, आणि टीव्हीपेक्षा त्याच्या खोक्याला मान जास्त. प्रत्येक घरी खोकं कपाटावर, दर्शनी भागात. नावेच्या पुठ्ठ्यासाठी ते कुणी द्यायला तयार होईना. एक आजी तर म्हणाल्या, "खोकं दिलं आणि उद्या टीव्ही परत त्यात जायचं म्हणाला तर?"

सगळ्यात मोठं खोकं खुद्द हेडसरांकडे. वहिनींनी त्यात गोधड्या ठेवलेल्या. मुलांनी मला पुढे ढकललं. मी दारात उभी राहून इतकं अडखळत मागितलं की वहिनींना वाटलं, मी पैसे मागायला आलेय. खरं कळल्यावर त्यांनी गोधड्या काढल्या, खोकं झटकलं, माझ्या हातात दिलं आणि बजावलं, "न्या. पण काम झालं की परत आणा. कोरडं!"

*

खळ नथ्थूभाऊंनी केली. गव्हाच्या पिठाची, मोठ्या पातेल्यात, कुरडयांचा चीक घोटावा तशी घोटली. पुठ्ठ्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पुठ्ठा असे थर लावले आणि ज्वारीचे बिबडे वाळत घालतात तसे ते खाटांवर उन्हात टाकले. राखण मुलांकडे. मुलं मधल्या सुट्टीत डबा खायला गेली.

मी तासावर होते. नथ्थूभाऊ दारात येऊन उभे राहिले. काही वाईट सांगायचं असलं की ते आधी टोपी काढतात. टोपी हातात होती.

"काय झालं?" मी दचकून खडू मोडला.

"काही नही मॅडम. गाय उनी व्हती."

"मग?"

"मोरला भाग खाई टाका तिनी. पन मांगला बठ्ठा शाबूत शे!"

दुसऱ्या दिवसापासून खळीत कडुनिंबाच्या पाल्याचा काढा घालायला लावला. गाय पुन्हा आली, हुंगलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि निघून गेली. माझ्या बॉटनीचा नावेला झालेला उपयोग तो एवढाच.

*

थर वाळले, पण जोडायचे कसे? खळ लावली की कोपरे उकलायचे. तेव्हा नथ्थूभाऊ एक दिवस किसन आबांना घेऊन आले. सत्तरीचे असतील. विहिरींवर इंजिनं यायच्या आधी आबा मोटा शिवायचे. चामड्याची मोट, जिच्यातून बैल विहिरीचं पाणी ओढायचे ती. इंजिनं आली आणि आबांचा दाभण खुंटीला लागला.

आबांनी नावेचा कोपरा चिमटीत धरून पाहिला. मी मोठ्या तोंडानं तरंगण्याचा नियम सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मोटमा पानी मझार ठेवनं पडे, नावमा बाहेर ठेवनं. टाका तोच शे, मॅडम."

आणि दोऱ्याला मेण घासून शिवायलाच बसले! दोऱ्याचं दुसरं टोक धरायला त्यांची नात होती. मंगल. माझ्याच आठवीच्या वर्गातली, रोल नंबर तेवीस.

या मंगलनं इतक्या महिन्यांत माझ्या हजेरीला एकदाही "हजर" म्हटलं नव्हतं. नुसता हात वर. प्रश्न विचारला तर मान खाली. मला वाटायचं, ही मला घाबरते. मला घाबरणारं कुणीतरी आहे, याचं जरा बरंही वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मी हळूच आबांना विचारलं, "ही घरी तरी बोलते का?"

"घरमा?" आबा टाका ओढत हसले. "घरमा तिनी बडबड ऐकी ऐकी मना कान किटी गयात! पन शायमा पुस्तकनी बोली बोलनी पडस ना. तिले वाटस, आपलं बोलनं ऐकीसन पोरं हासतीन."

मंगलनं आबांना डोळ्यांनीच गप्प केलं. आणि मी जळगाव शहरात वाढलेली, अहिराणी पूर्ण कळते पण एक वाक्य बोलायची हिंमत नाही, तीही गप्प बसले. कोण कुणाला घाबरत होतं, देव जाणे.

*

नावेत कुणी बसायचं? "पोहता कुणाकुणाला येतं?" विचारल्यावर आठवीच्या सगळ्या मुलांनी हात वर केले. नथ्थूभाऊ म्हणाले, "चला मंग विहिरवर." सगळे हात एकदम खाली आले. एकच राहिला. मंगलचा.

तरी हेडसर म्हणाले, "पोहण्याचं नंतर, आधी वजन." शाळेत काटा नव्हता. कापसाच्या व्यापाऱ्याकडे मोठा काटा होता, तिथं वर्ग नेला. एकेक मूल पारड्यात बसायचं आणि व्यापारी सवयीनं त्याचा दंड कापसासारखा चिमटीत धरून बघायचा. एका गुटगुटीत मुलाला म्हणाला, "ह्यात ओल जास्त आहे!" सगळ्यात हलकी भरली ती पुन्हा मंगलच.

संध्याकाळी मी आबांच्या घरी गेले. परवानगी मागायला. आतून मला वाटत होतं, नाही म्हणावं त्यांनी. आबांनी हातातला दोरा गुंडाळून ठेवला. मग म्हणाले, "नाव मी शिवेल शे. नावनी चिंता नही. पन पोर कोरडी घर आना बरं. हिना मायले मी काय सांगू?"

"कोरडी आणते, आबा!" माझ्या तोंडून निघून गेलं.

दारामागून मंगल बघत होती. मला पोहता येत नाही हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पण तिच्या बघण्यावरून वाटलं, हिला कळलंय.

*

नाव तयार झाली. आठ फूट लांब, मेणानं चकाकणारी. स्पर्धेला आठवडा. मी नथ्थूभाऊंना म्हटलं, "उद्या जरा पाण्याची टेस्ट घ्या. गळते का बघा."

सकाळी शाळेत आले तर नथ्थूभाऊ फाटकातच उभे. टोपी डोक्यावर! म्हणजे बातमी चांगली.

"मॅडम, एक थेंब गळत नही!"

मी धावतच मैदानात गेले. नाव दोन बाकांवर ठेवलेली होती आणि काठोकाठ पाण्यानं भरलेली होती.

उन्हाळ्यात ते कूलर असाच तपासतात. माठ असाच तपासतात. मोटही आबा अशीच तपासायचे, म्हणे. त्यांचं काही चुकलं असं कुणालाच वाटेना, हेडसरांनासुद्धा. सर वाकून खालून बघत होते आणि "वा, वा!" म्हणत होते.

उलटी करायला जावं तर मधून मोडेल. मग साठ मुलांनी डब्याच्या झाकणांनी आणि पेल्यांनी ते पाणी उपसलं. तळाला खाटेसारखा झोळ आला होता. तीन दिवस वाळवली. पुठ्ठा आता गावात उरला नव्हता, म्हणून स्टाफरूममधल्या जुन्या उत्तरपत्रिका थरावर थर चिकटवल्या आणि वरून मेण ओतलं. मेणाखाली अक्षरं स्वच्छ दिसत होती.

हेडसरांनी चष्मा लावून वाचलं. "हे काय आहे?"

"सातवीचं गणित, सर."

"मग बुडणार," सर म्हणाले.

*

नाव धुळ्याला न्यायची तर एस.टी.च्या टपावरूनच. कंडक्टरनं वर बघितलं, मग आभाळाकडे बघितलं. थंडीचे दिवस, ढगाचा ठिपका नाही. "मॅडम," त्यानं विचारलं, "धुळ्याला काही झालंय का? आम्हाला तसं लवकर सांगत नाहीत."

वाऱ्यानं उडू नये म्हणून वहिनींनी दिलेली लाल गोधडी नावेवर घातली होती आणि दोरांनी बांधली होती. सोनगीरच्या थांब्यावर एका म्हातारबाबांनी ते पाहिलं. टपावर काहीतरी मोठं, लाल वस्त्रात गुंडाळलेलं, खाली मुलं ओळीनं उभी. त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले. त्यांचं बघून आणखी चौघांनी जोडले.

मी शरमेनं अर्धी झाले. म्हटलं, "सर, त्यांना सांगा ना काय आहे ते!"

हेडसरांनी खिडकीतून गंभीरपणे हात उंचावून सगळ्यांना आशीर्वाद दिला. "कशाला?" मला म्हणाले. "नावेला नमस्कार लागणारच आहेत."

मंगल माझ्या शेजारी बसली होती. पूर्ण प्रवासात ती एकदाच हसली, ती तेव्हा. आवाज न करता.

*

तळ्यावर सात शाळांच्या नावा. एकीला शीड होतं, एकीवर रंगीत पट्टे. आमच्या नावेच्या एका बाजूला टीव्हीचं चित्र होतं आणि 'ही बाजू वर' असा बाण होता. बाणाचं टोक खाली आलं होतं. ते मला तेव्हाच दिसलं.

मंगल आत बसली. पुठ्ठ्याचंच वल्हं हातात घेतलं. मी वाकून तिला म्हटलं, "भीती वाटली तर हाक मार हं." आणि मग लक्षात आलं, मी हे कुणाला सांगतेय! ही तर हजेरीला ओ देत नाही.

शिट्टी वाजली. मी दचकले आणि डोळे मिटले.

उघडायचे होते, खरंच. पण उघडले आणि ती दिसली नाही तर? म्हणून मी कानानं बघायचं ठरवलं. आधी नुसता गलका. मग हेडसरांचा आवाज, "उजवीकडे! उजवीकडे!" मग नथ्थूभाऊ, "वळनी! वळनी!" मग दोघांचेही आवाज गर्दीत बुडाले, आणि कुणीतरी ओरडलं, "गेली! बुडाली! बुडाली ती!"

कुणाची? कुणाची बुडाली?

"मंगल!" मी हाक मारली.

उत्तर नाही. गर्दी ओरडतच होती. काही पावलं पुढे गेले, चाचपडत. पाय गार पडले होते, घाबरले की माझे पडतातच.

"मंगल!"

नाही. आणि तिनं सवयीनं नुसता हात वर केला असेल, तर मला मिटल्या डोळ्यांना तो दिसणार कसा? आबा डोळ्यांसमोर आले, त्यांचा दाभण, त्यांचं ते "कोरडी आना बरं". मी आणखी पुढे झाले. गारठा आता गुडघ्यांपर्यंत चढला होता. पुढे काय म्हणावं सुचेना, तेव्हा रोज तोंडात बसलेलं तेच निघालं. जितक्या मोठ्यानं वर्गात कधी ओरडले नव्हते, तितक्या मोठ्यानं ओरडले.

"रोल नंबर तेवीस!"

गलका एकदम थांबला. आणि माझ्या पाठीमागून, खणखणीत आवाजात, सातही शाळांना ऐकू जाईल असं कुणीतरी म्हणालं,

"हजर शे, मॅडम! मी कव्हयनी काठवर उभी शे, कोरडी! तुम्ही पानीमा काय करी ऱ्हायनात?"