अक्कांची हरकत

तापीअक्का शाळेत आल्या की आधी ऑफिसात येत नसत. मागच्या खोलीत मोडकं सामान टाकलेलं असे, तिथे त्या सरळ जात. पदर खोचून बाकावर बसून बघत, कपाटाचं दार उघडून लावून बघत, फळा हातानं ठोकत. मग हात झटकत बाहेर येत आणि म्हणत, "आते चहा सांगा, मास्तर." चहा आता, तपासणी झाल्यावर.

साठ सालानंतरची ती वर्षं. खानदेशातल्या एका गावात मी नगरपालिकेच्या शाळेत शिक्षक होतो आणि अक्का स्कूल बोर्डाच्या सभासद होत्या. घरची कापसाची पेढी, यजमान वारलेले, कारभार एकुलत्या एका मुलाच्या, भास्करच्या हाती. बोर्डावर एक तरी बाई हवी म्हणून त्यांना घेतलं होतं. बाई सही करतील, चहा पितील, घरी जातील, एवढाच हिशेब.

पहिल्याच बैठकीत तो चुकला. जुने बाक निकामी ठरवून लिलावात काढायचा ठराव होता. अक्कांनी विचारलं, "बसीसन देखं का कोनी?" म्हणजे, कुणी बसून पाहिलंय का? सभापती हसले. अक्का हसल्या नाहीत. "देखाबिगर मन्ही सही नही," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सुताराला घेऊन स्वतः आल्या. बऱ्याचशा बाकांना नुसते खिळे हवे होते. जमिनीवर बसणारी माझी पहिलीची पोरं त्या आठवड्यात बाकांवर बसली.

पुढे ठराव आला तो शाळेमागच्या जागेचा. जागा पडीक आहे, शाळेला जास्तीची आहे, लिलावानं विकावी. जास्तीची? एकाच खोलीत पहिली आणि चौथी पाठीला पाठ लावून बसत होत्या. माझी पोरं पाढे म्हणू लागली की चौथीच्या बाई कानांवर हात ठेवत. रुळापलीकडे नवी वस्ती वाढत होती, तिथली पोरं दर जूनला येऊन थडकत. खोल्या बांधायच्या तर तेवढी एकच जागा होती. अक्कांनी विरोध केला, पण हात वर झाले ते दुसऱ्या बाजूचे. ठराव मंजूर झाला.

लिलावाच्या आदल्या दिवशी दुपारी अक्का ती जागा बघायला आल्या. मी बरोबर होतो. बाभळीखाली दोन माणसं टेप धरून माप घेत होती. त्यांतला एक अक्कांच्याच पेढीवरचा दिवाणजी होता. अक्कांना बघताच त्याच्या हातातला टेप सुटला. त्या दिवशी अक्का चहाही न घेता गेल्या.

लिलाव शाळेच्याच आवारात होता. सामानाची नावं पुकारायचं काम माझ्याकडे होतं. मोडकी कपाटं गेली, फुटकी घंटा गेली. मग जागेची पाळी आली. गावातले दोन-तीन व्यापारी आले होते, पण सगळे खाली मान घालून बसले होते. कुणी त्यांना काय सांगितलं होतं, कोण जाणे. बोली एकच लागली, दिवाणजीची. भास्कर मागे भिंतीला टेकून उभा होता.

मी पुकारलं, "एक वार." मी व्यापाऱ्यांकडे पाहिलं. "दोन वार."

"थांबा, मास्तर."

अक्का उठल्या होत्या. एक हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट होता.

"हाई बोली मन्हा घरनी शे," त्या म्हणाल्या. "दिवाणजीनं नाव पुढे शे, जागा मन्हा पोऱ्याले पाहिजे."

"माय, खाले बस!" भास्कर मागून ओरडला.

सभासदाच्या घरच्या माणसाला बोर्डाच्या लिलावात बोली लावता येत नसे, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सभापती पुढे वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "अक्का, विचार करा. हे कागदावर आलं तर तुमचं सभासदपणही जाईल."

"जाऊ द्या," अक्का त्या खुर्चीवर थाप मारत म्हणाल्या. "मी आठे पोरेससाठे बसेल शे, घरसाठे नही. लिखा कागदवर."

लिलाव रद्द झाला. गावात इतका बोभाटा झाला की जागा पुन्हा विकायला काढायची कुणाची छाती झाली नाही. अक्कांचं सभासदपण गेलं. महिन्याच्या आतच भास्कर बायकामुलांना घेऊन धुळ्याला निघून गेला. जाताना तो आईच्या पाया पडला नाही, हे सबंध गल्लीनं पाहिलं.

एकदा मी धीर करून विचारलं, "अक्का, वाईट नाही वाटत?"

"वाटस ना," त्या म्हणाल्या. "पन पोऱ्या मन्हा शे, तो येई. जागा गयी ते परत येत नही."

दर उन्हाळ्यात त्या भास्करला लोणच्याची बरणी एसटीनं धाडत. तोंडाला बांधलेलं फडकंसुद्धा न सोडता ती परत येई. मग अक्का ती आम्हा शिक्षकांना आणून देत, आणि आम्ही डबा खाताना एकमेकांकडे न बघता ते लोणचं खात असू.

जागेवर खोल्या उभ्या राहिल्या. माझी पहिली नव्या खोलीत गेली. त्यानंतरच्या पावसाळ्यात एका दुपारी अक्का भर वर्गात दाराशी येऊन उभ्या राहिल्या. हातात बरणी होती. त्यांनी ती माझ्यापुढे उलटी धरली. "धुईसन धाडेल शे," एवढंच म्हणाल्या आणि भिंतीला टेकल्या.

त्या दिवाळीला भास्कर आला. मायलेकांत काय बोलणं झालं, मला माहीत नाही. पाडव्याच्या सकाळी अक्का दोन्ही नातवंडांना शाळा दाखवायला घेऊन आल्या. पोरं नव्या खोल्यांकडे धावत सुटली. भास्कर फाटकाबाहेरच थांबला, रस्त्याकडे तोंड करून.

अक्का वळल्या. त्यांचा आवाज मी एवढा मऊ कधी ऐकला नव्हता.

"भास्कर, मझार ये."

तो वळला. मग त्यानं चपला फाटकाशी काढल्या आणि आत आला.