उत्तरेच्या भिंतीतलं दार

मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. या सदरातले वाचकांचे अनुभव आजवर चहाबरोबर वाचायचे, आणि प्रत्येकाला मनातल्या मनात एक कारण चिकटवून मोकळी व्हायचे... स्वप्न, ताप, भास. हा अनुभव माझ्या आईचा आहे. अर्धा माझ्या डोळ्यांदेखतचा. त्याला चिकटवायला मात्र माझ्याकडे काही नाही.

आम्ही हैदराबादला, कुकटपल्लीत राहतो. आजोबा, म्हणजे आईचे वडील, मूळचे नांदेडकडचे. पोस्टमास्तर म्हणून बदली होऊन ते मेडचलच्या पुढच्या एका खेड्यात आले. पोस्टाच्या समोरच गावचं चर्च. आईचं सगळं बालपण त्या चर्चच्या आवारात गेलं. लहानपणी आम्हाला ती ज्या गोष्टी सांगायची त्यांत राजवाडे नसायचे, ते चर्च असायचं. काळ्या दगडाच्या जाड भिंती, टोकदार कमानींच्या खिडक्या, उतरतं कौलारू छप्पर, त्याखाली सागवानी तुळया. आत मूर्ती नाही, तसबीर नाही, फक्त एक लाकडी क्रूस. लोक चपला बाहेर काढून चटयांवर बसायचे. ख्रिसमसला तिथून घरी अरिसेलु यायचे. आजी म्हणायची, हे तर आपले अनारसेच.

आणि एक छोटं दार. उन्हाळ्यात दुपारी मोठा दरवाजा बंद असला की आई बाजूच्या त्या दाराशी जायची. पांढऱ्या साडीतली एक म्हातारी झाडलोट करत असायची, ती आतून कडी काढून तिला आत घ्यायची, मडक्यातलं पाणी द्यायची. आई तिला अव्वा, म्हणजे तेलुगूत आजी, म्हणायची. मग गार फरशीवर उताणं पडून छपराकडे बघत राहायचं... हे आम्ही शंभरदा ऐकलेलं.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे आली. गेल्या वर्षीपासून ती विसरू लागली. गॅस चालू राहायचा, शेजारणीचं नाव आठवायचं नाही. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, ही सुरुवात आहे. म्हणून म्हटलं, तिला ते चर्च एकदा दाखवून आणावं.

गाव आता गाव राहिलेलं नाही, चारी बाजूंनी प्लॉटिंग झालंय. पण चर्च तसंच होतं. तिथले पास्टर तरुण, बोलायला मऊ. आईने चपला काढल्या आणि ती थेट आतल्या उत्तरेच्या भिंतीकडे गेली. भिंतीला सरळ गिलावा, वर पांढरा रंग, मधोमध कुणा मिशनऱ्याच्या बायकोच्या स्मरणार्थ बसवलेला संगमरवरी फलक.

"हा दगड इथं नव्हता," आई म्हणाली. "इथं दार होतं."

पास्टरांनी शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांना बोलावून आणलं. ते आईपेक्षा वयाने मोठे, जन्म तिथलाच. त्यांनी मान हलवली. या भिंतीला दार कधीच नव्हतं, आणि झाडलोट त्यांचे वडील करायचे, कुणी अव्वा नव्हती. मग पास्टरांनी अगदी हळुवारपणे फलकावरच्या सालाकडे बोट दाखवलं. ते आईच्या जन्माच्या कितीतरी आधीचं होतं.

 गाडीत बसल्यावर मी आईचा हात धरला, तर तो तिने सोडवून घेतला.

त्या दिवसापासून तिने आठवणी सांगणं बंद केलं. माझ्या मुलीला मराठी वाचता येत नाही, तिची सगळी मराठी आज्जीच्या गोष्टींतून आलेली. ती मागे लागायची, "आज्जी, चर्चवाली स्टोरी सांग ना." आई म्हणायची, "नको गं. माझं आता काय खरं." मला वाटलं, आजार बळावला. आज कळतं, तिला आजाराची नाही, स्वतःच्याच आठवणींची भीती वाटू लागली होती.

ख्रिसमसच्या आधी पास्टरांचा फोन आला. ओल आली म्हणून भिंतीचा गिलावा काढायला घेतला होता. एवढंच म्हणाले, अम्मांना घेऊन या.

आम्ही गेलो. फलकाच्या दोन्ही अंगांनी दगडी कमान उघडी पडली होती. खिडक्यांसारखीच टोकदार, पण बुटकी, एका माणसापुरती. आत ओबडधोबड दगड चुन्यात भरून ती बुजवलेली, आणि त्या भरावातच तो फलक बसवलेला. म्हणजे दार होतं, हे खरं. आणि फलक बसण्याआधी, आईच्या जन्माआधीच ते बंद झालं होतं, हेही खरं.

आई भिंतीजवळ गेली. मग कमानीच्या उजव्या अंगाला, छातीच्या उंचीवर, जिथे अजून गिलावा होता, तिथे तिने बोट ठेवलं. तेलुगूत म्हणाली, कडी इथं होती, जाताना मी टाचा उंचावून काढायचे. गवंड्याने पास्टरांकडे पाहिलं आणि तिथेच छिन्नी लावली. गिलावा पडला. दगडात कडी अडकवायचा गंजका कोयंडा होता.

 ते वृद्ध गृहस्थ पुढे झाले आणि आईला त्यांनी हात जोडले.

कमान आता तशीच उघडी ठेवलीय, वर गिलावा केला नाही. मी माझ्या परीने खूप विचार केला. कुणी तिला सांगितलं असेल? आजोबाही त्या गावात नंतरच आलेले. दुसरं कुठलं चर्च डोक्यात मिसळलं असेल? मग तो कोयंडा? आणि अव्वा कोण, हे तर गावात कुणालाच सांगता येत नाही.

आईचं विसरणं थांबलेलं नाही. पण संध्याकाळी मुलगी तिच्याशेजारी बसते आणि गोष्टी पुन्हा सुरू झाल्यात. परवा मी न राहवून विचारलं, "आई, दार तुझ्या जन्माआधीच बुजवलेलं, मग तू आत जायचीस कशी?"

ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "अव्वा उघडायची म्हणून."