शेजारची रिकामी खुर्ची

"दिनूभावजी, हे गेले हो..." सलीमच्या बायकोचा, वहिनींचा, फोन आला तेव्हा मी त्याच्याच प्रश्नपत्रिका झेरॉक्स करत होतो. हार्ट अटॅक. राजारामपुरीत खाली माझं दुकान, वर त्याचा इंग्रजीचा क्लास. मशीनच्या खडखडाटातही त्याचा आवाज खाली यायचा. महिना होत आला, पण कान अजून जिन्याकडंच असतो.

माणूस तोंडाचा फटकळ, मनाचा लोण्यासारखा. माझी केतकी दहावीत असताना चौकातल्या दुसऱ्या एका क्लासनं 'जीनियस बॅच' काढली आणि तीत तिची निवड झाली. मी गल्लीभर पेढे वाटले! सहामाहीत मार्क घसरले, तिला बॅचमधून काढलं. पोरीनं पुस्तकं माळ्यावर टाकली. "मी ढ हाय, पप्पा," एवढंच बोलायची.

सलीम घरी येऊन तिच्यासमोर बसला. "आगं, जीनियस म्हंजे लई हुशार माणूस, हा अर्थ मागनं आला. जुन्या रोमन लोकांत जीनियस म्हंजे माणसाबरोबर जन्माला येणारा राखणदार. ज्याचा त्याचा. वाढदिवसाला त्याला फुलं वाहायची, धूप दाखवायचा. जीनियस कुणी नसतंय पोरी, जीनियस सोबत असतोय!"

"आणि पोरींना?" केतकी फणकारली.

"पोरींच्या सोबतणीचं नाव निराळं. पण असायची की! तुझी रुसल्या, गेली न्हाय."

"म्हणजे तुमच्यातला जिन्नच की," मी तोंड घातलं.

"गप बस मर्दा! ती सोयरीक अरबी गोष्टींच्या भाषांतरवाल्यांनी जमवली, नाव सारखं दिसलं म्हणून..." केतकी खुदकन हसली. किती दिवसांनी!

तेव्हापासून त्याच्या क्लासात रीतच पडली. ज्याचा वाढदिवस, त्याच्या शेजारी त्याच्या जीनियससाठी एक रिकामी खुर्ची आणि तिच्यावर पेढा. पहिली खुर्ची केतकीच्या शेजारी मांडली. "हा पेढा खातो कोण?" मी विचारलं. "भूक लागंल तो!" बहुतेक वेळा सलीमच खायचा, शुगर असून. केतकी त्याच्याच हाताखाली शिकली, इंग्रजीत एम.ए. झाली. पण फळ्यापुढं उभं राहायचं म्हटलं की ती मागं सरायची.

आता क्लासातली मुलं वाऱ्यावर पडली. वहिनींनी केतकीलाच गळ घातली. "मला न्हाय जमायचं," म्हणत म्हणत ती गेल्या सोमवारी जिना चढली. मी मागोमाग. बघतो तर फळ्याजवळ मुलांनी सलीमची खुर्ची आणून ठेवलेली... वर एक पेढा.

"अरे, आज माझा वाढदिवस न्हाय," केतकी म्हणाली.

पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. "आज तुम्ही मॅडम म्हणून जन्माला आला न्हवं का?"

केतकी रडली. मला तरी कुठं आवरलं? मग तिनं डोळे पुसून खडू उचलला आणि मी खाली येऊन राहिलेल्या प्रश्नपत्रिका लावल्या. मशीन खडखडत होतं, तरी तिचा आवाज खाली येत होता.